बाबांची टोपणनावांची फाइल

शनिवारी सकाळी अमरावतीच्या स्टँडवरून अकोल्याची बस पकडली तेव्हा माझ्या मांडीवर लॅपटॉप होता, पायाशी पोत्यात गुंडाळलेला मोठा मॉनिटर होता, आणि मी इतकी खुशीत होते की कंडक्टर "याचंबी अर्धं तिकीट काढा" म्हणाला तर त्यालाही हसून "फाडा" म्हटलं. चार दिवस मी एकाच गोष्टीच्या हात धुऊन मागे लागले होते आणि आदल्या दुपारी कॉलेजच्या लॅबमध्ये ती जमली होती. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. शेजारी बसलेल्या बाईंना बडनेरा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. त्यांनी "हो का" म्हणून पदर डोक्यावरून घेतला आणि डोळे मिटले.

जमलं होतं ते एवढंच. माझ्या बाबांना माऊसला हात न लावता, काळ्या पडद्यावर जाड पिवळ्या अक्षरांत, नुसत्या कळा दाबून मेल लिहिता येणार होता.

बाबा अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक म्हणून लागले आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. आता त्यांच्या नजरेत मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. माझा चेहरा पाहायचा असेल तर ते माझ्या कानाकडे बघतात. डाग वाढणार, किती दिवसांत ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. मोबाइलवरची बारीक बटणं त्यांना सापडत नाहीत. बोलून लिहायची सोय मी दाखवली होती. ते एक वाक्य बोलले, मोबाइलनं त्या वऱ्हाडीचं भलतंच काहीतरी केलं, आणि आतून आई म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला, अर्धं आइकू नाही आलं." त्या दिवसापासून ते प्रकरण बंद.

आणि बाबांना एक पत्र लिहायचं होतं. त्यांनी तसं म्हटल्याबरोबर मी वही घेऊन बसले होते.

"सांगा बाबा, मी लिहिते."

"सांगून लिहायचं नाही हाये ते. माह्या हातानं लिहायचं हाये. अन् कोनी वाचाचं नाही."

कुणाला लिहायचं ते मात्र त्यांनी सांगितलं. त्यांच्या कचेरीत टाइपरायटर दुरुस्त करायला एक मिस्त्री यायचे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, खांद्याला कातडी पिशवी, आत तेलाची कुपी, चिमटे, ब्रश. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचे आणि हिंदीत निघाले की कधी उर्दूत पोचायचे ते त्यांनाही कळायचं नाही. आमच्या घरचं मशीनही तेच उघडायचे, आणि मी समोर बसले की एक जुना ब्रश माझ्या हातात देऊन म्हणायचे, "ले बेटा, ये अक्षर घासून काढ." मला वाटायचं, मीच मशीन दुरुस्त करते आहे.

मग कचेरीत कॉम्प्युटर आले. जुनी मशीनं भंगारात काढायची टिप्पणी हेडक्लार्कनं लिहायची असते, ती बाबांनी लिहिली. त्याला इलाज नव्हता. पण मिस्त्रींना आधी सांगायला हवं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. पुढच्या पहिल्या सोमवारी मिस्त्री पिशवी घेऊन आले तर टेबलं मोकळी. ते दारात उभे राहिले. बाबा समोरच बसलेले.

"मी फाइलीत डोकं घालून बसलो," बाबा म्हणाले. "त्यायनं वाट पाह्यली. मी काही वर पाह्यलं नाही. मंग गेले ते."

एवढंच झालं होतं. भांडण नाही, आवाज नाही. पण त्यानंतर मिस्त्री कधी आमच्या घरी आले नाहीत आणि बाबाही कधी गेले नाहीत. आता डोळे पूर्ण जायच्या आत बाबांना त्या सोमवारबद्दल लिहायचं होतं. मी हे ऐकलं आणि माझ्या अंगात वारंच शिरलं. लॅबमधल्या पोरांना मी वर्षानुवर्षं जे शिकवते त्याचा इतका उपयोग मला आजवर कधी दिसला नव्हता.

मिस्त्री आपल्या मुलाकडे अमरावतीला राहायला आलेत एवढं आईला माहीत होतं. दोन संध्याकाळी ऑटोनं फिरून मी दुकान शोधून काढलं. प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनची दुरुस्ती. मिस्त्री कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, दाढी सगळी पांढरी. मी नमस्कार केला तर त्यांनी छान हसून मान डोलावली. काउंटरवरची नात म्हणाली, "दादाजींना आता ऐकू येत नाही हो. लिहून द्या. मेल पाठवला तरी चालेल, मोबाइलवर अक्षर मोठं करून सगळं वाचतात." म्हणजे फोनचा प्रश्नच मिटला. मी कोण ते सांगितलं नाही, ते काम बाबांचं होतं. पत्ता लिहून घेतला, दारासमोरच्या गाडीवर दह्यात भिजवलेला गिला वडा खाल्ला आणि पत्त्याकडे पाहिलं. नाव, टिंब, आडनाव, खाली रेघ, आणि पुढे आकड्यांची माळ. बाबांना हा पत्ता टाइप करणं या जन्मी शक्य नव्हतं. एक टिंब राहिलं की पत्र परत.

त्यावरचा उपाय म्हणजे ती फाइल. मेलच्या त्या काळ्या प्रोग्रामला एक साधी यादी देता येते. एका ओळीत एक माणूस. डावीकडे दोन-चार अक्षरांची खूण, मग नाव, मग खरा लांबलचक पत्ता. बाबांनी नुसती खूण टाइप केली की बाकीचं प्रोग्राम भरतो. म्हणजे हिवरखेडच्या आत्यासाठी नुसतं एच-के. हे मी बाबांना दुपारी कूलरसमोर बसून समजावलं तेव्हा ते म्हणाले, "तारेचा पत्ता राहे, एका शब्दाचा, तसाच हाये हा." त्यांना एका वाक्यात कळलं. लॅबमध्ये याला मला दोन तास लागतात.

घरात पडून असलेल्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरला मी तो मॉनिटर जोडला होता आणि कळफलक बाबांच्या जुन्या टाइपरायटरच्या रचनेचाच ठेवला होता. त्यांनी बोटं टेकवली आणि मान वळवून खिडकीबाहेर पाहत टाइप करायला सुरुवात केली. पडद्यावर पिवळी अक्षरं धावायला लागली. एक चूक नाही! मी टाळ्या वाजवल्या. आई कणकेच्या हातानं पळत आली आणि उगाचच ओरडली, "काय झालं, काय झालं?"

मग आम्ही यादी भरायला बसलो आणि तिथे अडलं. खूण टाइप केल्यावर पडद्यावर नाव दिसतं, ते बरोबर आहे का एवढं बाबांनी पाहायचं. मी आत्याचं कागदोपत्री नाव लिहिलं होतं, सासरचं, आडनावासकट.

"हे कोन?"

"आत्या."

"तिले या नावानं कोनी हाक मारते काय? अन् एवढं लांब मले दिसत नाही. आखूड लिही. रेडिओ लिही."

आमच्या आत्या एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. बाबांच्या कचेरीत प्रत्येकाला असं एक नाव असायचं, साहेबापासून शिपायापर्यंत, आणि बाबा ती देण्यात पटाईत. नातेवाईकही त्यातून सुटले नव्हते. मी हसत हसत लिहिलं, "रेडिओ हिवरखेड". धामणगाव रेल्वे या गावी माझे सासरे असतात. ते दिवसाकाठी चार शब्द बोलतात. बाबा म्हणाले, "मौनीबाबा." मी इकडेतिकडे पाहिलं आणि तेही लिहिलं.

"लेकीच्या सासऱ्याले असं म्हनतेत काय?" आई आतून.

"त्यायले कुठी दिसते ते," बाबा म्हणाले. "हे माह्या पडद्यावर हाये." मीही म्हटलं, हो, ते फक्त इथेच दिसतं.

मिस्त्रींची ओळ आली. मी "मिस्त्री" लिहिणार तेवढ्यात बाबा हळूच म्हणाले, "पाचमिनिट." मिस्त्री काहीही बिघडलेलं असो, "पाच मिनिट लगेंगे" म्हणायचे आणि अख्खी दुपार लावायचे, म्हणून कचेरीत त्यांच्या मागे सगळे त्यांना पाचमिनिट म्हणत. तोंडावर कुणी नाही. बाबा तर त्यांना आदरानं मिस्त्री म्हणायचे. मी ते नाव लिहिलं. शेवटी मिस्त्री सोडून बाकी सगळ्यांची मिळून एक खूण केली, नवीन माणूस यादीत घ्यायचा असेल तर कुठली कळ दाबायची ते शिकवलं, आणि सांगितलं की काही अडलं तर मी अमरावतीहूनच या मशीनमध्ये शिरून दुरुस्त करीन. माझ्या लॅपटॉपची एक चावी मी त्यात टाकून ठेवली होती. चावी म्हणजे फाइलीतली एक ओळच, पण तिच्यामुळे माझ्यासाठी दार उघडतं.

"बरं," बाबा म्हणाले. "आता तुमी दोघी बाजारात जा."

आम्ही दीड तास बाजारात काढला. आईनं दोनदा विचारलं, आता जाऊ या का, मी दोनदा नाही म्हटलं. घरी आलो तेव्हा बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते.

"गेलं," ते म्हणाले.

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून मी चहा टाकला आणि त्यात साखर दुप्पट घातली.

सोमवारी मी लॅबमध्ये होते. पोरं परीक्षेचं काहीतरी करत होती आणि माझ्या मेलमध्ये बाबांचं पत्र आलं. सगळ्यांना मिळून पाठवलेलं. "मी आता स्वतः लिहून राहिलो. डोळे गेले तरी बोटं शाबूत हायेत. उत्तर देजा." मी ते दोनदा वाचलं, पुढच्या बाकावरच्या पोरीला वाचून दाखवलं. मग माझी नजर पत्राच्या माथ्यावर गेली, जिथे हे कुणाकुणाला गेलं ते लिहिलेलं असतं. रेडिओ हिवरखेड. मौनीबाबा. आणि सगळ्यांच्या शेवटी, फौजदार.

फौजदार म्हणजे मी. यादीत स्वतःचं नाव टाकायला मी विसरले होते. मी शिकवलेली कळ दाबून बाबांनी ते एकट्यानं टाकलं होतं! क्षणभर मला राग यावा की नाचावं ते कळेना. पुढच्या क्षणी माझी चूक लक्षात आली. खुणेच्या उजवीकडचं नाव आपल्याच पडद्यावर राहतं असं मी धरून चालले होते. ते राहत नाही. पाकिटावर लिहिल्यासारखं पत्राबरोबर समोरच्याच्या हातात जातं. वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवते मी, आणि हे तपासून पाहायची बुद्धी मला झाली नाही. शिकवते काय, कपाळ!

हिवरखेडहून फोन अर्ध्या तासात आला. आत्या बाबांना म्हणाल्या, "मी रेडिओ काय? मंग आइक आता बातम्या." पाऊण तास चालल्या. धामणगावहून माझ्या सासऱ्यांचं उत्तर आलं, एका शब्दाचं: "बरं." आमचे हे ते वाचून संध्याकाळभर हसत होते. मी मात्र हसत नव्हते, कारण मला मिस्त्री आठवले होते आणि तेवढ्यात बाबांचा फोन आला. त्यांनाही आठवले होते.

"मिस्त्रीच्या पत्रावरबी तसंच गेलं काय?"

"हो बाबा."

ते म्हणाले, "माफी मांगाले बसलो, अन् वरतं थट्टा लिहून पाठवली. वापस घेता येते काय ते?"

"नाही येत."

"मी त्यायले कधी तोंडावर तसं म्हटलं नाही, पोरी. एकदाबी नाही."

चूक माझी होती आणि बाबा माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फोन ठेवला. मी लगेच लॅपटॉप उघडून अकोल्याच्या मशीनमध्ये शिरले. नावं नीट केली. टोपणनावं इंग्रजी अक्षरांत डावीकडे नेली, म्हणजे तीच खूण झाली, आणि उजवीकडे सरळ नावं लिहिली, बाबांना दिसतील एवढी आखूड. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. डावीकडचं घरात राहतं, उजवीकडचं गावभर फिरतं, एवढी साधी गोष्ट आहे. बाबांनी आता "रेडिओ" टाइप केलं की पत्र मुकाट "ताई" या नावानं जाणार होतं.

काम झालं तरी मी बाहेर पडले नाही. पाठवलेल्या पत्रांच्या कप्प्यात शनिवारचं ते पत्र होतं. ओळ दिसत होती, विषयाच्या जागी काहीच नाही. खोटं कशाला सांगू, माझं बोट एंटरवर गेलं होतं. मग मी उठले आणि पाणी प्यायले.

पत्र मी उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शिरले. तिसऱ्या दिवशीही. कारण सांगायचं तर यादी ठीक चालते का ते बघायला. खरं म्हणजे मिस्त्रींचं उत्तर आलं का ते बघायला. दर वेळी नवीन पत्रांत आत्याच असायच्या, त्यांना आता मेलची चटक लागली होती. बाबांना फोन केला की ते हवापाण्याचं बोलायचे. आई सांगायची, "मशीनसमोर बसून राह्यतेत, हात लावत नाहीत." मला जेवण जाईना. एका आंधळ्या होत चाललेल्या माणसाला मी पुन्हा लिहितं केलं म्हणून मी बसमध्ये मिरवत निघाले होते, आणि आता ते कळांना हात लावत नव्हते.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडा ठेवून पुन्हा शिरले. आलेल्या पत्रांत सगळ्यात वर नवीन पत्राची खूण होती आणि पुढे मिस्त्रींचं नाव.

मी किंचाळलेच. लॅबमधली दोन पोरं दारातून डोकावली. मी बाबांना फोन लावला आणि "हॅलो" म्हणायच्या आत ओरडले, "बाबा, आलं! मिस्त्रींचं पत्र आलं!"

"मी अजून मशीन सुरू नाही केलं," बाबा सावकाश म्हणाले. "तुले कसं मालूम?"

मशीन सुरूच असतं, ते फक्त पडदा चालू करतात, पण हे सांगण्यात काही अर्थ नव्हता.

"तू आंदर येऊन पाह्यते?"

"यादी बघायला, बाबा. पत्र नाही उघडलं. तुमची शप्पथ, एकबी नाही."

"ठेव फोन," ते म्हणाले.

मी तो तास कसा काढला ते माझं मला माहीत. समोरची पोरं काहीतरी विचारत होती आणि मी सगळ्यांना हो म्हणत होते. लॅपटॉप मी बंद करून बॅगेत आणि बॅग कपाटात ठेवली होती. शेवटी फोन वाजला. बाबांचा आवाज जड होता, पण तो आवाज मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, कचेरीतून काहीतरी गंमत घेऊन घरी यायचे तेव्हाचा.

"त्यायले मालूम होतं," ते म्हणाले. "आपुन त्यायले काय म्हनतो ते. पह्यल्यापासून."

"मग? रागावले?"

"नाही. कचेरीतले सारे मलेबी एक नाव पाडून होते म्हने. मलेच मालूम नाही. मिस्त्रीनं लिहून पाठवलं."

"कोणतं?" मी खुर्चीतून उठलेच. "बाबा, कोणतं?"

"सांगत नाही."

"आणि त्या सोमवारचं? त्याचं काय लिहिलं?"

"तेबी नाही. माहं पत्र हाये ते."

बाबा घसा साफ करून, हेडक्लार्कच्या आवाजात म्हणाले, "आता मी त्यायले पुन्हा लिहून राहिलो. त्याच्या आधी एक काम कर. तुही चावी काढून टाक."

"बाबा, काही बिघडलं तर?"

"तं बसनं येजो. मॉनिटरचं अर्धं तिकीटबी नाही लागत आता."

"मी खरंच उघडलं नव्हतं हो."

"मले मालूम हाये. तरी काढ."

एखाद्याला हे लागलं असतं. मलाही लागलं, दोन मिनिटं. मग मला कळलं की काय मागितलं जातं आहे. ज्या माणसाचं बँकेचं पुस्तक आई वाचते, गोळ्यांची पट्टी आई वाचते, आलेला प्रत्येक कागद दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो, त्याला सगळ्या घरात आता ही एकच गोष्ट स्वतःची मिळाली होती, आणि तिच्यात फक्त मी आडवी उभी होते. मी कपाटातून बॅग काढली. शेवटचं एकदा अकोल्याच्या मशीनमध्ये शिरले, पत्रांच्या कप्प्याकडे गेले नाही. माझ्या चावीची ओळ शोधली, पुसली, फाइल बंद केली आणि बाहेर आले.

खात्री करायची सवय म्हणून पुन्हा आत जायचा प्रयत्न केला. प्रवेश नाही, असं एका ओळीत उत्तर आलं. आणखी एकदा केला, तेच. मी त्या ओळीकडे बघत बसले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि त्याच वेळी मला इतका आनंद झाला होता की डब्यातली गार झालेली पोळी मी उभ्या उभ्या खाल्ली. तिकडे अकोल्यात माझे बाबा दार लावून लिहीत बसले होते, आणि काय लिहीत होते ते जगात मिस्त्रींशिवाय कुणालाही कळणार नव्हतं.